फ्रिजच्या पाठीवरचे आकडे

मिस्त्री, पत्र तुम्हालाच आहे, पण गोष्ट दुसऱ्या कुणाची असल्यासारखी सांगते. नाहीतर तुम्ही दर वाक्याला ‘तसं काही नाही हो बाई’ म्हणून मोडता घालाल. गोष्टीतल्या गणिताच्या बाई म्हणजे मीच, हे आधीच कबूल करते आणि कामाला लागते.

तर एक फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री होता. मोजकं बोलायचा. कानावर पेन्सिल, खिशात काचेचा तापमापक. गॅसचा दाब बरोबर आहे का, ते खोलीच्या उष्म्यावरून कळतं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी फ्रिज तपासताना तो आधी स्वयंपाकघरातलं तापमान बघायचा आणि फ्रिजच्या पाठीवर तारीख आणि आकडा लिहायचा. बावीस वर्षं, शंभरेक घरं. घरच्यांना पत्ताच नाही. फ्रिजची पाठ कोण बघतं?

एका उन्हाळ्यात कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंनी मजकूर पुढे ढकलला: ‘हवामान बदल हे थोतांड आहे, उन्हाळा पूर्वीही असाच होता.’ सोबत जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण. तपासलं नव्हतं. आणि जन्मभर पोरांना ‘रीत दाखवा’ म्हणून छळलेली ही बाई!

मिस्त्रीने एकच ओळ लिहिली, “घराघरांतलं तापमान वाढत चाललंय. माझे आकडे आहेत.”

“मिस्त्रींना एसी खपवायचे असतील,” वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी लिहिलं. त्यावर हसून लोळणारे चाळीस चेहरे. दुसऱ्याच दिवशी तीन घरांनी त्याचं काम रद्द केलं.

“कशाला मध्ये तोंड घातलंत?” बायको म्हणाली. “आता उद्या कोण दार उघडेल?”

सगळ्यांत लांब यादी बाईंच्याच फ्रिजवर होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ग्रुपवर तेवढं लिहिलं असतं तरी त्याचं नाव राहिलं असतं आणि बाईंचं नाक कापलं गेलं असतं. ते त्याच्या जिवावर आलं. सकाळी तो बाईंच्या दारात उभा.

“बाई, फ्रिज जरा पुढे ओढू?”

“का? चांगला चालतोय की!”

“चालतोय हो. तुम्हाला वाचायला काहीतरी आहे.”

बाई चष्मा लावून गुडघ्यांवर बसल्या. बावीस आकडे. सुरुवातीला चौतीस, चौतीस, पस्तीस, मध्येच एकदा तेहतीस, शेवटाकडे छत्तीस, सदतीस, अडतीस. दरवर्षी तोच आठवडा, तीच भिंत. एका स्वयंपाकघरावरून पृथ्वीचं काही सिद्ध होत नाही, एवढं गणित बाईंना येत होतं. पण ‘पूर्वीही असाच होता’ हे त्यांचं वाक्य त्यांच्याच घरात खोटं पडलं होतं.

“हे सरळ ग्रुपवर का नाही टाकलंत?”

“फ्रिज तुमचा. न विचारता कसं टाकू?”

बाईंनी स्वतः फोटो टाकला. ‘मी न तपासता पाठवलं. मिस्त्रींची माफी मागते. आता आपापले फ्रिज ओढा.’ संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पाठीच पाठी, जळमटांसकट. वकिलांच्या फ्रिजवर एकोणीस आकडे आणि एक वाळलेलं झुरळ. “झुरळ आमचं नाही,” त्यांनी तातडीने कळवलं. वाद नंतरही झाले, पण निदान आकड्यांवरून. रद्द झालेली तिन्ही कामं परत आली.

मिस्त्री, चारचौघांत माझी शोभा करायची संधी तुमच्या हातात होती. तुम्ही चपला काढून आत आलात. हे मी विसरलेले नाही.

त्या सकाळी फ्रिज मागे सरकवताना तुमचा तापमापक फरशीवर पडून फुटला. “नवीन मी आणते,” मी म्हणाले. तुम्ही त्या वर्षीची तारीख लिहिलीत आणि पुढे जागा सोडलीत. मग तुम्ही लेकीकडे राहायला गेलात. तापमापकाचं दुकान कोपऱ्यावरच होतं, तरी माझं आणणं राहूनच गेलं. तारखेपुढची जागा अजून मोकळी आहे.