रबर, दांडा आणि दोन टोकं

मी न्हावाशेव्याजवळ एका कस्टम एजंटच्या कचेरीत काम करते. परदेशातून आलेला माल जकातीच्या कायद्यातल्या कोणत्या प्रकरणात, कोणत्या शीर्षकाखाली बसतो ते ठरवायचं, कारण जकात त्यावरून ठरते; तसे कागद करायचे आणि अधिकाऱ्यांनी शंका काढली तर उत्तर लिहायचं. माझं घर सूर्यमाळच्या एका पाड्यावर. आश्रमशाळा, मग जव्हारचं कॉलेज, तिथून इथे. घरी माझं काम मला कधी नीट सांगता आलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "बंदरावर लिवायचं काम हाय तिला."

दोन वर्षांपूर्वी आमचं गिऱ्हाईक असलेल्या एका कारखान्याने मागवलेला कंटेनर आला. माल होता पॉलिमरचे इन्सुलेटर. खांबावर तार जिथे अडकवतात तिथे वीज खांबात उतरू नये म्हणून जे बसवतात, ते. पूर्वी ते चिनी मातीचे असत. मी माल विद्युत इन्सुलेटरच्या शीर्षकाखाली दाखवला. तिसऱ्या दिवशी अधिकारी मॅडमची शंका आली. मालाच्या बिलात 'सिलिकॉन रबर' असा शब्द होता. मग ही रबराची वस्तू रबराच्या प्रकरणात का नाही?

शीर्षकातच 'कोणत्याही पदार्थाचे' असं लिहिलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्याने भागेल असं वाटेना. पदार्थ कोणताही चालेल, पण ही वस्तू इन्सुलेटरच आहे हे कशावरून? मी स्वतः ती कधी हातात धरली नव्हती. कारखान्याने आधी पाठवलेला एक नमुना कचेरीच्या कपाटात पडून होता. शनिवारी घरी जाताना आमच्या कचेरीतल्या साहेबांना विचारून तो पिशवीत घातला.

माझ्या वडिलांनी, बांनी, तरुणपणी विजेच्या लाइनच्या ठेकेदाराकडे मजुरी केली होती. जीप जाईना अशा पाड्यांवर तार पोचवायची तर सगळं सामान माणसांच्या पाठीवरून चढायचं. हे मला माहीत होतं, पण त्याबद्दल मी कधी काही विचारलं नव्हतं.

बा ओटीवर बसले होते. मी इन्सुलेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जड असेल अशा तयारीने, आणि हात एकदम वर गेले.

"हा इतका हलका?" ते म्हणाले. "फसवतंस काय, बाय?"

"खरा आहे, बा. आता असेच येतात."

बराच वेळ ते त्याच्या काळ्या चकत्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "आम्ही याच कामाच्या चिनी मातीच्या बशा नेत होतो. एकदा उतारावर पाय घसरला. ओझं टाकलं म्हणून मी वाचलो. मुकादम आला, तो आधी बशांकडे गेला. किती फुटल्या ते बघून मग माझ्याकडे वळला."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आतून आईचा नागलीचं पीठ मळण्याचा आवाज थांबला. तीही बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती.

"आत काचतंतूंचा दांडा आहे, वर रबर. यातलं कोण काय करतं?" मी विचारलं.

"हे लोखंडाचं टोक खांबाला. हे दुसरं तारेला. तारेचा ताण सोसतो तो आतला दांडा. आणि वरचं रबर पाण्याची धार तोडायला, पाणी एका धारेत खाली आलं तर वीज त्याच्यावरून उतरंल." त्यांनी नग माझ्याकडे दिला. "टोकं नसली तर याला बांधशील कशाला?"

सोमवारी मी उत्तर लिहिलं. दांड्याचं काम, रबराचं काम, टोकांचं काम, आणि तिघांचं मिळून एकच काम: तार धरायची आणि वीज अडवायची. एवढं सोपं पत्र मी आधी कधी लिहिलं नव्हतं. मॅडमनी माल उघडून बघायचं ठरवलं.

तपासणीला मी गेले. पहिल्या पेट्यांत इन्सुलेटरच होते. मागच्या पेट्यांत मात्र नुसते दांडे निघाले. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या काचतंतूंचे, लांबच लांब, न कापलेले. रबर नाही, टोकं नाहीत. कागदावर सगळं इन्सुलेटर म्हणूनच होतं. मॅडम अजून पहिल्याच पेट्यांपाशी होत्या.

तपासणीला आलेले कारखान्याचे मॅनेजर माझ्या कानाशी आले. "अपुरी वस्तू पुरी धरायची असा नियम आहे ना? तेच सांगा."

नियम होता. पण त्याला अट होती: अपुऱ्या वस्तूत पुऱ्या वस्तूचं मूळ रूप उतरलेलं हवं. मी दांड्याकडे पाहिलं. तो तंबूलाही चालला असता, एखाद्या अवजाराचा दांडाही झाला असता. आठ दिवसांपूर्वी मी तो नियम बिनदिक्कत लिहून दिला असता. आता बांचा प्रश्न कानात होता.

"हे अजून इन्सुलेटर झालेले नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि अशा किती पेट्या आहेत ते विचारलं. मग ते म्हणाले, "मॅडमनी शोधायच्या आधी आपणच सांगू. जा."

मी मॅडमकडे जाऊन सांगितलं. इन्सुलेटर आम्ही दाखवलेल्या शीर्षकाखालीच सुटले. दांडे वेगळे काढून प्लास्टिकच्या प्रकरणात गेले, त्यांचे कागद नव्याने करावे लागले. त्यानंतर त्या कारखान्याचा माल आमच्याकडे आला नाही. साहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण पुढचे काही दिवस मी त्यांच्या टेबलासमोरून जायचं टाळत होते. बरोबर केलं, हे मला तेव्हाही पटलेलं होतं. तरी एक गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं, हेही खरंच होतं.

पत्रातला मजकूर मी बांना फोनवर वाचून दाखवला. शेवटपर्यंत ते हुंकार देत राहिले.

"माझं नाव लिवलंस काय त्यात?"

"नाही बा. तसं लिहीत नाहीत."

"मग ते मॅडमला कसं पटलं, कोणी सांगितलं ते न कळता?"

"त्यांनी वस्तू हातात घेऊन पाहिली," मी म्हटलं.

"हां," बा म्हणाले, "तसं असंल तर पटंल."