तिसरा वन्स मोअर

मी कळंब सोडलं त्या सकाळी अण्णा मला एसटीपर्यंत पोचवायला आले नाहीत. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, धाकट्या बहिणीनं ट्रंकेची एक कडी धरली, आणि अण्णा ओसरीवरच बसून राहिले. चारचौघांत जायचं त्यांनी तेव्हा सोडूनच दिलं होतं. मी पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं गेल्यावर लई बोलू नको. आधी ऐकत जा." उभा जन्म तहसील कचेरीत लोकांशी बोलण्यात घालवलेल्या माणसानं मुलाला द्यायचा हा सल्ला नव्हे. तो द्यायची पाळी त्यांच्यावर कुणी आणली, हे तुम्हा गावाकडच्या मंडळींना ठाऊक आहे. माझ्यासारखे जे पुण्या-सोलापूरला निघून गेले त्यांनाही ठाऊक आहे, कारण तेही त्या दिवशी नाटकाच्या तंबूत होते आणि हसत होते.

मी काही विसरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुगी उरकली की दरवर्षी ती संगीत नाटक कंपनी गावात यायची. आडत बाजाराच्या मागं तंबू पडायचा. कंपनीचे मालक आणि मुख्य गायक नट, सगळे त्यांना बुवा म्हणत, आमच्या घरी उतरायचे. त्यांच्या गळ्याला आंबट चालत नसे, म्हणून ते असेपर्यंत घरात चिंच, ताक, लोणचं सगळं बंद. आम्ही पोरं फिकी आमटी गिळायचो आणि त्यात धन्यता मानायचो. सकाळी बुवा रियाजाला बसले की अण्णा तोंडाला साबण लावलेला तसाच ठेवून ऐकत बसायचे. तेच नाटक पुन्हा लागलं तरी अण्णा पुन्हा जायचे, आणि त्यांच्यामागं मी. माझ्या नाटकवेडाचं मूळ तिथं आहे.

अण्णांची नोकरी निजामाच्या अमलात सुरू झाली. दफ्तर सगळं उर्दू. मग राज्य बदललं, पुढं आपला मुलूख मराठी मुलखाला जोडला गेला आणि कचेरीत मराठी आली. उतारवयात अण्णा एखाद्या विद्यार्थ्यासारखे मराठी मसुदे गिरवू लागले. त्याच साली गावकऱ्यांनी ठरवलं की नाटकाच्या मध्यंतरात बुवांना शाल-नारळ द्यायचा आणि दोन शब्द अण्णांनी बोलायचे. अण्णांनी शाळेतल्या मास्तरांकडून भाषण बेतून घेतलं. 'आगमन', 'प्रतीक्षा', 'रसिकवृंद' असे शब्द ते आठवडाभर अंघोळ करतानाही घोकत होते.

पण तंबूतली गर्दी आणि समोरच्या गॅसबत्त्या बघून पाठ केलेलं सगळं पळालं. उरलं ते जन्मभराचं बोलणं. "बुवांनी आमच्या गावी तशरीफ आणली," अण्णा म्हणाले, "तमाम मंडळी सालभर इंतजार करत होती." यात हसण्यासारखं काय होतं? तुम्ही सगळे घरी असंच बोलत होता. आणि खरोखर, तेव्हा कुणी हसलंही नाही. टाळ्या पडल्या, शाल दिली, अण्णा घाम पुसत खाली आले.

मग तिसरा अंक सुरू झाला. राजाच्या वेषातले बुवा उद्यानात आले, नायिकेकडं वळले आणि पदरचं वाक्य टाकून म्हणाले, "प्रिये, तशरीफ आण! हे तमाम उद्यान तुझा इंतजार करत आहे." मान हलवायची अण्णांची लकबसुद्धा त्यांनी उचलली होती. तंबू कोसळायचाच बाकी राहिला. तुम्ही मांड्यांवर थापा मारून हसलात. ज्याच्या घरी दोन्ही वेळा ताटावर बसायचं, त्याचीच नक्कल बुवा करत होते आणि तुम्ही त्यांना दाद देत होता. अण्णाही हसले. पहिल्या रांगेत बसून, हात जोडून हसले. ते हात मी अजून विसरू शकत नाही.

त्यानंतर अण्णांनी नाटकाला जाणं सोडलं. कचेरीतला शिपाई त्यांना 'तशरीफ आणा, साहेब' म्हणू लागला, मग भाजीवाले, मग शाळेतली पोरं. बाहेर पडणं हळूहळू कमी झालं आणि बोलणंही. माझी पुण्याची नोकरी ठरली तेव्हा घरात तीनचार शब्दांवर काम भागत होतं.

पुण्यात मी अण्णांचा सल्ला पाळला. ऐकत गेलो. कुठंचं कुठे झालं, हितंचं इथे झालं, इंतजार तर जिभेवरून कायमचा हद्दपार केला. गाव कुठलं विचारलं की सोलापूरकडचं सांगायचो. खाणावळीत, कचेरीत, भाड्याच्या खोलीत मी इतकं तोलूनमापून बोलायचो की झोपताना जबडा दुखायचा. आणि बुवांच्या कंपनीचा खेळ लागला की पहिला तिकिटाच्या खिडकीशी हजर.

सुरुवातीला मी रागानंच जायचो. हाताची घडी घालून, एक टाळी न वाजवता बसायचो. पण माणूस गायचा चांगला, हे दातओठ खाऊन लिहितो. तेच नाटक पुनःपुन्हा ऐकून मला त्याचा श्वास न् श्वास पाठ झाला. दर्दी श्रोता म्हणून थिएटरात लोक मला ओळखू लागले. आणि म्हणूनच, बुवांचा आवाज उतरायला लागला तेव्हा ते इतरांच्या आधी मला कळलं. तिसऱ्या अंकातल्या उद्यानाच्या पदात आवाज तार सप्तकातल्या मध्यमावर जाऊन थांबायचा. पूर्वी त्या पदाला हटकून वन्स मोअर मिळे. आता बुवा सम गाठल्याबरोबर, ऑर्गनचा सूर विरायच्या आतच पुढचं वाक्य बोलू लागायचे. वन्स मोअरला फटच ठेवायची नाही. ते पद त्यांना आता एकदाच झेपत होतं.

मी वाट बघत राहिलो. कंपनी मराठवाड्याच्या दौऱ्यावर निघाली, कळंबला बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ आहे असं कळलं, आणि मी रजा टाकून एसटी धरली.

गावात किराणा दुकानवाला माधव आणि शिंपीकाम करणारा गफूर हे माझे जुने दोस्त. दोघंही त्या दिवशी हसले होते. मी तेवढी आठवण करून दिली, तेव्हा बिनतक्रार तयार झाले. टाळी वाजवायची नाही, मी हात वर केला की समेवर थेट ओरडायचं, एवढंच त्यांना शिकवलं. गफूरचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा.

तंबू गच्च भरला होता. तेरखेड्यापासून लोक आले होते. पद आलं, सम आली, आणि बुवांनी तोंड उघडायच्या आत आम्ही तिघं गरजलो, वन्स मोअर! झालं, अख्ख्या तंबूनं ते उचललं. पुण्यात नटानं हात जोडले तर चालतं, पण तालुक्याच्या गावात वन्स मोअर नाकारला की लोकांना अपमान वाटतो आणि दुसऱ्या दिवशी तंबू रिकामा राहतो. बुवा हसून गायले. आम्ही पुन्हा ओरडलो. आता हसू नव्हतं, त्यांनी ऑर्गनवाल्याकडं बघून घेतलं आणि गायले. तिसऱ्यांदा ओरडलो. तिसऱ्यांदा गाताना मध्यमावर आवाज फाटला. ऑर्गनवाल्यानं सूर भरून झाकायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांनी ऐकलं.

बुवांनी हात जोडले. अगदी अण्णांसारखे. मग मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. "तशरीफ आणलीया, तर म्हणा की बुवा," मी म्हणालो. "तमाम मंडळी इंतजार करतीया."

कुणी चकार शब्द काढला नाही. बुवांनी कसाबसा अंक पुरा केला, पुढची पदं नुसती बोलल्यासारखी म्हटली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आजही वाटतं.

हॉटेलात दोस्तांना चहा पाजून घरी आलो, तर ओसरीवर, आमच्याच बाजेवर, गळ्याभोवती मफलर गुंडाळून बुवा बसलेले. तंबूचा आवाज घरापर्यंत यायचा. गळा फाटलेला अण्णांनी ऐकला होता आणि बहिणीला धाडून बुवांना बोलावून घेतलं होतं. अण्णा पेल्यात हळद-दूध ढवळत होते. माझं डोकंच फिरलं.

त्याहून वाईट पुढं होतं. मला बघून बुवांचा चेहरा उजळला. घोगऱ्या आवाजात ते अण्णांना सांगू लागले, की असं वेडं प्रेम त्यांना पुण्यातही कधी मिळालं नाही. गळा गेला तरी पर्वा नाही. आणि या चिरंजीवांची भाषा किती गोड! "तुमची ही बोली मी पूर्वी एकदा नाटकात घातली होती," ते म्हणाले. "लोकांना फार आवडली होती."

"व्हय," अण्णा म्हणाले. "लई आवडली होती." आणि पेला त्यांच्या हातात दिला.

बुवांना काहीच कळलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं राग जपला, त्याला तो पोचलाच नाही. आईनं मात्र त्या संध्याकाळी आमटीत मूठभर चिंच कोळून घातली आणि बुवांना दोनदा वाढली.

बुवा गेल्यावर अण्णांनी रिकामा पेला विसळून ठेवला. मला वाटलं, आता पाहुण्याशी कसं वागावं ते ऐकावं लागणार. पण त्यांनी विचारलं, "तू तसं बोललास तवा कुणी हसलं का?"

"न्हाय, अण्णा."

"कुणीच न्हाय?"

"कुणीच न्हाय."

त्यांनी मान हलवली आणि मला जवळ बसवून विचारायला लागले, दुसऱ्या अंकातलं पद कसं झालं, तबल्यावर कोण होता, नवी नायिका कशी आहे. रात्र चढली तरी बोलत होते.

आता पुण्यात माझं स्वतःचं घर आहे, मुलं शुद्ध बोलतात. पण मोठ्यानं, न तोलता बोलावंसं वाटलं की मी कळंबची एसटी धरतो. त्या दुपारी तुम्ही गप्प बसलात, म्हणून ते माझं घर राहिलं. त्याआधी हसला होतात, ते मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.