गाव हाव म्हणालं होतं

२०१९ चं साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती. मास्तरानं अंदाजानं टाकली, ती धरून एकाहत्तर. शाळाही तिसरीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं. जे झालं त्यात चूक माझी होती आणि ती दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव लोह्याकडून अहमदपूरला जाताना आत फुटणाऱ्या रस्त्यावर आहे. इथं नांदेड जिल्हा संपतो आणि लातूर सुरू होतो. आमच्या गल्लीत सात घरं आणि सात घरांना पिण्याच्या पाण्याचा एक आड. माझ्या आज्याच्या वेळचा, दगडानं बांधलेला. आदल्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस पडलाच नाही. चैत लागेपर्यंत पोहरा सोडला की पाण्याच्या जागी खडकाचा आवाज यायला लागला. तळाला मुठीएवढा एक झरा तेवढा राहिला होता. बाया दोर धरून, भिंतीतल्या दगडांवर पाय देत खाली उतरायच्या आणि वाटीनं पोहरा भरायच्या. एक घागर भरली की झऱ्यात पाणी साचायची वाट बघायची. अर्धा तास, कधी तास.

गल्लीतल्या दोन घरांना तोवर कुलूप लागलं होतं. माझा मुलगा नांदेडला कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. सून आणि नातवंडं माझ्याजवळ. एक दिवस भाकरी वाढता वाढता सून म्हणाली, "मामा, आड आटला की आम्ही नांदेडला जाणार. तुम्ही येत असाल तर चला."

तिनं ते भांडून म्हणलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं ठरवून म्हणलं होतं.

मी गावात बोलणारा माणूस. दोन वेळा पंचायतीत निवडून आलेला. सभा कशी घ्यायची ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दवंडी दिली, शाळेच्या पटांगणात गाव जमवलं. शंभर-सव्वाशे माणूस असेल. मी उभा राहून सांगितलं की आडापासून हाकेच्या अंतरावर जेवढे बोर हायत तेवढे मिरगापर्यंत बंद ठेवायचे, न्हाईतर पिण्याचं पाणी जाईल आणि गाव उठेल. मग विचारलं, "कबूल?"

सगळं पटांगण म्हणालं, "हाव."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा हाव. आधीपेक्षा मोठ्यानं.

घरी येऊन सुनेला सांगितलं, "झालं काम."

ती म्हणाली, "बघू, मामा."

पंधरा दिवस गेले. एकही बोर बंद झाला नाही. उसाच्या फडात पाणी वाहताना दिसत होतं आणि आडात खडक दिसत होता. मी जिथं चार माणसं भेटतील तिथं गावाला शिव्या घालू लागलो. ह्या गावाला जुबान न्हाई, तोंडावर हाव म्हणतात आणि पाठ फिरली की मोटार चालू करतात, असं म्हणायचो. माणसं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हाव, खरं हाय तुमचं."

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. त्या हाकेच्या अंतरात माझाही बोर होता. आडापासून दीडशे पावलांवर, सहाशे फूट खोल, आणि त्यावर मोसंबीची दोनशे झाडं, अकरा वर्षांची. मी बंद केला नव्हता. लबाडी करून राहिलो असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. माझ्या मनात हिशेब सरळ होता. ऊस वाळला तर पुन्हा लावता येतो, झाड वाळलं की अकरा वर्षं गेली, आणि एकाहत्तरीत माणसाला दुसरी अकरा वर्षं कुठून मिळणार? बागेचं सगळ्यांना ठाऊकच आहे, ती कुणी त्यात धरलीच नसेल, असं मी धरून चाललो होतो. शिवाय आधी बाकीच्यांनी करावं, मग मी बघतो, असंही होतंच.

मग एका सकाळी सून आडात उतरताना दगडावरून घसरली. दोर हातात होता म्हणून वाचली, पण घोटा सुजून भोपळा झाला. जमिनीवर पाय टेकवेना. घरात पाणी आणणारं दुसरं कुणी नव्हतं. एकाहत्तर वर्षांत मी आडावर घागर घेऊन कधी गेलो नव्हतो. ते बायांचं काम. पण नातवंडं पाणी मागून राहिली होती. घागर उचलली आणि गेलो.

आडाच्या समोर अप्पांचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या पत्र्याच्या सावलीत पाच-सहा जण बसलेले होते, बहुतेक बाया. झऱ्यात पाणी साचायची वाट बघत. अप्पांनी मला बघितलं आणि तागडी खाली ठेवली.

"या मालक. वाट चुकली का?"

"चुकलो न्हाई. घागर भरायला आलो."

"मग बसा. झरा काय तुमच्या हुकमातला न्हाई. त्याच्या सवडीनं येतो."

शेजारच्या घरातली अक्का तिथंच बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, रोजानं शेतात जाणारी, पन्नाशीची बाई. ती म्हणाली, "दादा, घागर बगलेत कोंबडं धरल्यावानी धरू नका. सांडल्यावर सूनबाई काय म्हणल?"

सगळ्या हसल्या. मला राग आला, पण उठून जायला जागा नव्हती. घागर रिकामी होती.

बसलो. आणि बसून ऐकणं आलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं तिथं.

अप्पा म्हणाले, "उद्यापासून घरटी दोन घागरी. लहान-मोठं सगळ्यांना सारखं."

अक्का म्हणाली, "कसं काय? तुमच्यात तुम्ही दोघं. कोपऱ्यावरच्या घरी नऊ तोंडं."

"मग माणशी करा."

"माणशी कसं काय? तिच्या घरी नऊ हायत, पण आडात उतरणारी ती एकटीच. नऊ जणांचं ती काढणार कधी?"

कोपऱ्यावरची बाई म्हणाली, "मी उतरते, वर ओढायला कुणी तरी द्या. मग माणशी जमंल."

"ओढायला मी हाय," अप्पा म्हणाले. "तागडी ओढून हात मजबूत झालेत."

"मापात मारणारा हात हाय तो, पोहरा अर्धाच वर येईल," अक्का म्हणाली, आणि अप्पा सगळ्यांच्या आधी हसले.

झालं. कुणी उभं राहिलं नाही. कबूल का म्हणून कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर अप्पा खरंच दोर ओढून राहिले होते, आणि दुकानावर त्यांची बायको बसली होती. मला नवल वाटलं आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या सभेत शंभर माणसं हाव म्हणाली आणि एक बटण दाबलं गेलं नाही. इथं दोन दिवसांत मी एकदाही हाव ऐकला नव्हता. एक जण बोललं की दुसरं म्हणायचं, कसं काय. मग पहिल्याला आपलं बोलणं उलगडून सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता तेच बदलायचं.

तिसऱ्या दिवशी झरा फार हळू होता. तासभर बसूनही अर्धा पोहरा. खाली उतरलेली बाई वर आली तर तिच्या हाताला गाळ लागलेला. कुणी थट्टा केली नाही त्या दिवशी. अप्पा म्हणाले, "गाळ यायला लागला. झरा एकदा बसला की बसला, मग पाऊस पडून बी उघडत न्हाई."

अक्कानं अप्पांकडं बघितलं, अप्पांनी माझ्याकडं. मला कळलं की हे काहीतरी आधीच बोलून झालंय आणि मला सांगायचं कुणी, एवढंच अडलंय.

अक्का म्हणाली, "दादा, रागावू नका. तुमची मोटार चालू झाली की झरा बसतो. बंद झाली की येतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया कशाला पाहिजे? आम्ही इथंच बसतो. आठ-पंधरा दिवस बघून राहिलो."

"माझं पाणी सहाशे फुटावरचं हाय. ह्या आडाचा त्याचा काय संबंध?"

अप्पा म्हणाले, "तुमच्याकडची डीपी जळाली होती ना मागं, चार दिवस लाइट नव्हती? त्या चार दिवसांत आडात गुडघाभर पाणी चढलं. डीपी बसवली, पाणी उतरलं."

"मग उसवाल्यांना सांगा की. त्यांचे बोर न्हाईत? सगळ्या गावानं हाव म्हणलंय. मी एकटाच दिसतो का तुम्हाला?"

तेव्हा अक्का जे बोलली ते हळूच बोलली. "दादा, त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हाव तुम्हीच म्हणला होता."

मी सभेत विचारलं होतं, कबूल? आणि गावाबरोबर मीही हाव म्हणलो होतो. पहिला माझाच आवाज. आणि घरी येऊन संध्याकाळी मोटार चालू केली होती. गावानं हाव म्हणलं ते 'ऐकलं' एवढंच सांगायला, तसंच मीही म्हणलो. गोष्ट सांगताना पोरं हूं हूं करतात, त्यातला तो हाव. कीर्तनातही आम्ही असाच म्हणतो. आणि त्यावर मी पंधरा दिवस सगळ्या गावाची इज्जत काढत फिरलो होतो. अक्का मला बघत होती, शिव्या देताना आणि मोटार चालू करताना दोन्ही.

मी म्हणालो, "बाग वाळवून टाकू का मग?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "मी दोन हंगाम जालन्याकडं मोसंबीच्या बागंत कामाला होते. तिकडं अशा सालात अर्धी बाग सोडतात. उरलेली अर्धी छाटून टाकतात, फांद्या निम्म्यावर आणतात, पाला कमी झाला की झाड पाणी कमी मागतं. बुडाशी भुसकट घालायचं आणि एकेक मडकं पुरायचं. फळ येत न्हाई, पण झाड मरत न्हाई."

कोपऱ्यावरची म्हणाली, "मडक्यात घालायला धुण्या-भांड्याचं पाणी आम्ही सगळ्या मिळून आणून टाकू. माझ्याकडं फुटकी मडकी बी हायत, बुडाला चिंध्या लावल्या की चालतील."

अप्पा म्हणाले, "भुसकट माझ्या गोठ्यावर पडून हाय. गाडी तुमची आणा."

ते बोलत होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ही माणसं पंधरा दिवस घागरीपाशी बसून माझ्या दोनशे झाडांचा विचार करत होती. कुठलं वाचवायचं, कशानं, भुसकट कुणाचं, मडकी कुणाची. त्या पंधरा दिवसांत मी त्यांच्या एका घागरीचा विचार केला नव्हता.

चांगला माणूस असता तर तिथंच काही बोलला असता. मी उठलो, अर्धी भरलेली घागर उचलली आणि म्हणालो, "माझ्या झाडाला हात लावायचं काम न्हाई." आणि आलो निघून. कोंबडं धरल्यावानी धरली होती का डोक्यावर घेतली होती, आठवत नाही. अर्धी तर रस्त्यातच सांडली.

सुनेनं घागरीत वाकून बघितलं. लंगडत जाऊन तिनं नातवंडांचे दोन पेले भरले, आणि कपड्यांची पेटी खाली काढली. एकेक कपडा घडी करून आत ठेवू लागली. मी विचारलं, "कधी जायचं म्हणता?"

"शनवारी ते आले की."

त्या दिवशी दुपारी मोटारीला लाइट आली. मी बागेत जाऊन बसलो आणि पाणी सोडलं नाही. सोडायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही. नुसता स्टार्टरसमोर बसून राहिलो. झाडाची पानं ओंजळीसारखी वळलेली. एकेक झाडाजवळ गेलो. कुठलं माझ्या हातचं, कुठलं मुलानं लावलेलं, कुठलं बायकोनं, ती असताना, सगळं ठाऊक होतं, आणि त्यातलं कुठलं सोडायचं ह्याचा विचार करायला गेलं की पाय थांबायचे. माझा जीव असा बेजार बाप गेला तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा निदान करायला काही शिल्लक नव्हतं. उसवाल्यांच्या मोटारी दोन्ही बाजूंनी चालू होत्या. मी बंद केली आणि त्यांनी नाही केली तर बागही जाईल, आडही जाईल, आणि म्हातारा दोन्हीकडून गेला म्हणून गाव हसेल. ते भ्या खरं होतं. आजही ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढले आणि धोतराच्या कनवटीला लावले. कुऱ्हाड घेऊन बागेत गेलो. पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी उभा राहिलो, कुऱ्हाड उचलली, आणि खाली ठेवली. अर्धी सोडायची म्हणजे कुठली अर्धी, हे मला एकट्याला ठरवता येईना. कुऱ्हाड तिथंच बुंध्याला टेकवून ठेवली आणि आडावर विचारायला गेलो.