तंबूवरचा राखणदार

माझ्या भुतांना आमच्या गावात कोणी भीत नसे. भातकापणी झाली की आचऱ्याकडच्या मळ्यात फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा, आणि त्याचे बोर्ड मी रंगवायचो. पौराणिक चित्रपट आला की लोक माझे हात वाखाणत. पण भुताच्या चित्रपटासाठी मी मोठ्या हौसेने सांगाडा काढला, तर मासळी घेऊन चाललेली एक बाई त्याच्याकडे बघून म्हणाली, ह्येका आधी पेज घाला रे. त्या खेळाला निम्म्या चटया रिकाम्या राहिल्या.

तंबूचा मालक घाटावरचा. पुढचा भुताचा खेळ भरला नाही तर बोर्ड कोल्हापुराहून आणवीन, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. घरी तर त्याहून कठीण. चितारी होऊन कोणाची चूल पेटली नाही, असं वडिलांचं मत. मामाने मुंबईला गिरणीत शब्द टाकून ठेवला होता आणि तंबूचं काम सुटलं की मी बोटीत बसायचं, हे ठरलेलं होतं. मला जायचं नव्हतं. हे वडिलांना सांगायची माझी छाती नव्हती.

म्हणून या खेपेला मी परक्यांची भुतं सोडून दिली. लहानपणी अंधारात आपल्याला कोणाची धडकी भरायची ते आठवलं आणि हात आपोआप चालला. ताडमाड पुरुष, खांद्यावर कांबळं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झावळ्यांची पेटती चूड. पायांत टाचेला झिजलेल्या भल्यामोठ्या वहाणा. बोर्ड पुरा झाला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. आता बघू कोण पेज घालतं, असं मनात म्हणालो.

सकाळी मळ्यात गेलो तर बोर्डाखाली जास्वंदीची फुलं, उदबत्ती आणि नव्या वहाणांचा जोड. जाणारेयेणारे हात जोडत होते. वहाणांनी माझा घात केला होता. आमचा राखणदार, म्हणजे गाव सांभाळणारा देव, रोज रात्री गावाची शीव फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वाहायच्या, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेजवाली बाई मला म्हणाली, "आमचो राखणदार तो. त्येका कित्याक भियाचां?"

मालक संतापला. भुताचा खेळ की देवाचा, असं विचारून त्याने चुन्याची बादली माझ्यापुढे आदळली. संध्याकाळच्या खेळाआधी बोर्ड पांढरा करायचा आणि मग आपला रस्ता धरायचा, असा हुकूम झाला. बादलीला हात लावायला गडी तयार होईनात. माझाही हात उचलेना. कोणीतरी जाऊन वडिलांना बोलावून आणलं, कारण देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा.

वडील आले. बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिले. माझं कुठलंही चित्र त्यांनी इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही. मग नारळ हातात घेऊन ते देवळातल्याच सुरात बोलू लागले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझां रूप रंगवल्यान. चुकला माकला पोटात घाल."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले.

"आज तां पुसूचां लागता, त्येचो राग धरू नको."

"होय म्हाराजा."

वडील थांबले. मला वाटलं, झालं. पण नारळ अजून त्यांच्या हातातच होता.

"त्येच्या हातात तुया कला दिलंस. ती हयच चलांदे. त्येका मुंबैक धाडूची पाळी माझ्यावर हाडू नको, म्हाराजा."

राहा, असं ते मला तोंडावर कधीच म्हणाले नसते. सगळ्यांबरोबर मीही "होय म्हाराजा" म्हणालो, आणि चुन्याची बादली उचलली.