मेणाच्या जमिनीवरचं पिल्लू

एर्सिरा बार्रियाच्या दारात घोंगडीचे चौकोनी तुकडे ठेवलेले असत. बूट काढायचे, दोन तुकड्यांवर दोन पाय ठेवायचे आणि पाय न उचलता सरकत चुलीपर्यंत जायचं. त्यामुळे जमिनीवर ओरखडा पडत नसे, आणि आलेला माणूस जाता-येता ती आणखी थोडी घासून देई. चिली देशाच्या दक्षिणेकडच्या चिलोएच्या आमच्या बेटांवर मेण लावलेली लाकडी जमीन पुष्कळ घरांत आहे. पण एर्सिराच्या जमिनीत छताचे खिळे दिसत. वर्षातून दोनदा होडीने येणारे फादरही तिच्या घरात सरकतच चालत.

ही कला ती दक्षिणेला, पुन्ता आरेनासमध्ये शिकली. तरुणपणी तिथल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याकडे ती घरकामाला होती. सकाळचा वेळ सगळा गुडघ्यांवर जाई. लग्न करून बेटावर परतली तेव्हा नवऱ्याला, बेलार्मिनोला, तिने एकच अट घातली : चूल जिथे असेल तिथे जमीन लाकडाची हवी. त्याने फळ्या रंधून दिल्या. पुढे तो गेला, मुलगी शहरात गेली, आणि एर्सिरा दर शनिवारी फळ्यांना मेण लावत राहिली. "तिकडे लोकांची जमीन घासली," ती म्हणे, "ही माझी आहे."

कुंपणापलीकडे तिची नणंद नोल्फा राहते. नोल्फाचा स्वयंपाक अजून जुन्या धुराच्या खोपटात चालतो. मधोमध विस्तव, वर टांगलेली किटली, खाली माती.

"तुझ्याकडे येऊन गेलं की बूट धुवावे लागतात," एर्सिरा म्हणायची.

"तुझ्याकडे येऊन गेलं की कंबर शेकावी लागते, वहिनी," नोल्फा म्हणायची.

हे बोलणं वर्षानुवर्षं चालू होतं आणि दोघींनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

त्या वर्षी सप्टेंबरात मिंक आला. कातड्यासाठी कुणीतरी परदेशातून आणलेला आणि पिंजऱ्यातून सुटून बेटांवर पसरलेला हा प्राणी मांजराएवढाही नसतो, पण अंड्यांवर बसलेल्या हंसाच्या मादीला तो उठूही देत नाही. सकाळी एर्सिरा आपल्या हंसांकडे गेली तेव्हा घरट्याभोवती मादीची नुसती पिसं होती आणि म्हातारा नर एक पंख ओढत फाटकापाशी उभा होता. अंडी अजून कोमट होती. तिने ती लोकरीच्या टोपलीत घालून चुलीजवळ ठेवली. एकातून पिल्लू निघालं.

हे हंस एर्सिराच्या आईच्या अंगणातले, पांढरे, पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा असलेले. तसे आता बेटावर दुसऱ्या कुणाकडे नव्हते. प्रार्थना चालवणारे रुदेसिंदो, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी शेपटी उलटून पाहिली आणि पिल्लू मादी असल्याचं सांगितलं. म्हणजे ती जगली तर पुढे घरटं होणार होतं. नाही जगली तर फाटकापाशी तो एक नर, आणि तो जाईपर्यंतच ती जात.

बाहेर दक्षिणेचा वारा होता आणि पावसात बर्फाचे कण. आईच्या पोटाखाली जायची सोय नसलेलं पिल्लू असल्या हवेत भिजलं की संपतं. म्हणून एर्सिराने त्याला चुलीपाशी खोक्यात ठेवलं. खोक्यात एकटं पडलं की ते ओरडून अर्धमेलं होई. मग तिने ते मोकळं सोडलं. ते तिच्या सपातांमागे फिरू लागलं, आणि फिरता फिरता घसरू लागलं.

काही दिवसांत त्याचे पाय बाहेरच्या बाजूला फाकायला लागले.

एर्सिराला वाटलं, थंडी लागली. तिने चुलीत लाकडं वाढवली. मग वाटलं, खाणं कमी पडतंय. तिने उकडलेलं अंडं कुस्करून आणि खाजऱ्या पाल्याचे कोवळे शेंडे चिरून कोंड्यात कालवून दिले. पिल्लू खायचं भरपूर, पण उभं राहायचं कमी.

नोल्फा माते, म्हणजे इकडचा कडू चहा, प्यायला आली आणि नळीतून घोट घेत बघत राहिली. "वहिनी, हे काही चालायचं नाही. थोडं वाढव आणि भांड्यात घाल."

"तुझी जीभ घालते भांड्यात."

"घाल. पण शिजायला वेळ लागेल."

त्या वर्षी रोझरीच्या मातेची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची प्रार्थना, एर्सिराच्या घरी होती. मान आदल्या वर्षीच ठरलेला होता. सगळं बेट नऊ संध्याकाळी तिच्या चुलीच्या खोलीत गुडघे टेकणार होतं. म्हणून शनिवारी तिने नेहमीपेक्षा जाड मेण लावलं, घासलं, आणि पिल्लू खोक्यातून काढून खाली ठेवलं. ते पोटावर पडलं आणि दोन्ही पायांनी वल्हवायला लागलं. जागचं मात्र हललं नाही.

नोव्हेनासाठी नोल्फाची मोठी कढई हवी होती. मागे ठेवलं तर ओरडेल म्हणून एर्सिराने पिल्लू शालीत घेतलं आणि ती कुंपणापलीकडे गेली. नोल्फा विस्तव फुंकत होती. कढई उचलायला हात मोकळे हवेत म्हणून एर्सिराने पिल्लू मातीवर ठेवलं.

ते उभं राहिलं. डुगडुगत, पण बोटं मातीत रुतवून उभं राहिलं, आणि विस्तवाकडे दोन पावलं गेलं.

"काय बघतेस?" नोल्फाने विचारलं.

"उभं आहे."

"पाय आहेत, उभं राहणारच."

"माझ्याकडे राहत नाही."

नोल्फाने पिल्लाकडे पाहिलं, खालच्या मातीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. चिडवायला वर्षभर पुरेल एवढं तिला मिळालं होतं. "माझ्या जमिनीला पॉलिश जरा कमी आहे, वहिनी," ती म्हणाली. "सांभाळून घे."

मग तिने मऊ लोकरीचा धागा काढला आणि पिल्लाचे दोन्ही पाय फाकणार नाहीत, पण चालता येईल, अशा अंतरावर बांधून दिले. "इथेच ठेव त्याला," ती म्हणाली.

"तुझ्या तीन मांजरांत?"

एर्सिराने पिल्लू परत शालीत गुंडाळलं आणि कढई उचलली.

घरी येऊन एर्सिराने जमिनीवर पोती अंथरली. पिल्लाआधी तीच घसरली. मेणावर पोतं म्हणजे दारातल्या घोंगडीचाच मोठा तुकडा. तिने पोती गुंडाळून ठेवली. मग मोठ्या भांड्यात चुलीची राख घालून पाणी उकळायला ठेवलं आणि ती वाळू आणायला किनाऱ्यावर गेली.

तिने दाराकडून सुरुवात केली. राखेचं कढत पाणी, वर वाळू, वर विटेचा तुकडा. मेणाचे पिवळे थर गोळा होऊन निघत होते, आणि तळाशी बेलार्मिनोच्या रंध्याच्या खुणा दिसू लागल्या. दुपारी नोल्फा स्वतःचा ब्रश घेऊन आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. समोरच्या कोपऱ्यात तिने गुडघे टेकले आणि ती घासायला लागली.

नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी सकाळी एर्सिराने पिल्लाच्या पायांचा धागा कापला. संध्याकाळी सगळ्यांत आधी रुदेसिंदो आले. त्यांनी बूट काढले आणि ते पायाच्या अंगठ्याने दाराशी चाचपायला लागले.

"एर्सिरा, तुकडे कुठे गेले?"

"नाहीत. चालत या, काका."

"चालत?"

"पाय उचलून."

रुदेसिंदो भरतीच्या पाण्यातून यावं तसे गुडघे वर घेत चुलीपर्यंत आले. मागच्या बायका हसल्या. मग जमीन दिसली आणि हसणं थांबलं. पांढरट, खरखरीत फळ्या, सांध्यांत अजून वाळू.

"आजारी होतीस का ग?" एकीने विचारलं.

"ती नव्हती आजारी," नोल्फा म्हणाली आणि तिने गुडघे टेकले. "आई ग! वाळू तरी झाडायचीस, वहिनी."

जपमाळ अर्ध्यावर आली असताना पिल्लू खोक्यातून बाहेर पडलं. टेकलेल्या गुडघ्यांमधून वाट काढत ते निघालं. डावा पाय अजून किंचित बाहेर पडत होता. एकदा बसलं, उठलं. रुदेसिंदोंचा आवाज थांबला नाही, पण बऱ्याच जणांची नजर मूर्तीवर नव्हती. पिल्लू एर्सिरापाशी पोचलं. तिने ओठांवरची प्रार्थना न तोडता शालीचं टोक उचललं, आणि ते आत गेलं.

नोव्हेंबरात उन्हं आल्यावर तिने त्याला अंगणात सोडलं. नराने पहिल्यांदा मान लांब करून हाकललं, मग दुर्लक्ष केलं, मग शेजारी चरू दिलं. आता त्या मादीची पाठ राखाडी व्हायला लागली आहे. दार उघडं दिसलं की ती अजून आत येते, चुलीपर्यंत येते, एर्सिराच्या मागे घरभर जाते. फक्त झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबते आणि ओरडते. ती खोली एर्सिराने खरवडलेली नाही. दर शनिवारी ती तिथे मेण लावते, आणि उंबऱ्याशी घोंगडीचे दोन तुकडे ठेवलेले असतात.