एक जूनच्या शुभेच्छा

ज्या सभागृहात हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी समई लावतात, तिथून माणसानं लवकर निघावं असं माझं मत आहे. त्या दिवशी मी निघाले नाही, कारण जेवण भाषणानंतर होतं.

मुंबई नाक्यावरच्या एका हॉटेलात छोट्या व्यावसायिकांचा मेळावा भरला होता. व्यासपीठावर समई, समईशेजारी लॅपटॉप, आणि लॅपटॉपला झेंडूचा हार. कोट घातलेले गृहस्थ सांगत होते, तुमच्याकडचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं इंजिन. डबे अजून जोडायचेत. डबे म्हणजे अ‍ॅड-ऑन. एक डबा बिलाचा फोटो काढला की नोंद करणार, दुसरा बँकेचा उतारा जुळवणार, तिसरा माल संपत आला की आठवण देणार. प्रत्येक डब्याला टाळ्या पडत होत्या. शेजारी माझा नवरा पंख्याकडे बघत बसला होता. त्याला सभागृहात नेहमी झोप येते, पण हारामुळे तो जागा राहिला असावा.

मखमलाबाद शिवारात आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, ढोबळी, फ्लॉवर. शेतकरी आधी नोंदणी करतो, मग आम्ही त्याच्यासाठी ट्रेमध्ये बी टाकतो आणि साधारण साडेतीन आठवड्यांनी रोप तयार होतं. एकदा तयार झालं की हातात थोडे दिवस असतात. तेवढ्यात नेलं नाही तर रोप ट्रेमध्येच उंच होतं, पिवळं पडतं, काडीसारखं दिसतं आणि मग ते कोणाला फुकटही नको असतं. रोपाला गोदामात ठेवता येत नाही. म्हणून नवरा पूर्वी प्रत्येकाला फोन करायचा. त्यातला अर्धा वेळ पावसावर जायचा आणि उरलेला कोणाच्या तरी लग्नावर.

जेवणानंतर आम्ही दोन डबे जोडून घेतले. पहिला म्हणजे नोंदणीची तारीख भरली की वेळेवर ‘रोप तयार आहे, न्यायला या’ असा मेसेज पाठवणारा. तो चांगला होता, हे मी आजही मान्य करते. नवरा इतका खूश झाला की येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावू लागला, “आता फोनची वाट पाहू नका. मेसेज आला की यायचं.” दुसरा डबा पहिल्यावर फुकट होता. तो गिऱ्हाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणार होता. फुकट आलेल्या वस्तूची आपल्याकडे कोणी चौकशी करत नाही. कंपनीचा माणूस आला, अनुदानाच्या बिलांसाठी आम्ही ठेवलेल्या आधारच्या झेरॉक्स त्यानं एका यंत्राखालून काढल्या आणि जाताना म्हणाला, “वहिनी, आता तुम्ही थेट ग्राहकाच्या हृदयात.”

एक जूनला सकाळी सासूबाईंचा फोन टुणकन वाजला. शेताचा मागचा तुकडा त्यांच्या नावावर असल्यामुळे आमच्या वहीत त्याही गिऱ्हाईक आहेत. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

“हे काय गं, प्रिय ग्राहक?”

“आज तुमचा वाढदिवस आहे, आई.”

“कुणी सांगितलं?”

“आधारवर आहे.”

“आधारवरची ती फोटोतली बाईसुद्धा मी नव्हे,” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, “तुझ्या सासऱ्यांचा पण आजच असायचा. तुझ्या चुलतसासऱ्यांचा पण.”

मी गिऱ्हाइकांची वही उघडली. त्या पिढीत पोर शाळेत नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आई सांगायची ‘मोठा पूर आला होता तेव्हा’, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बरोबर बसायचं. आमची बहुतेक जुनी गिऱ्हाइकं अशीच गुरुजींच्या हातून जन्मलेली. आमचं सॉफ्टवेअर त्या सकाळी जिल्हाभर एकदम सगळ्यांना शतायुषी करत सुटलं होतं.

दुपारपर्यंत मोबाइल कंपनीनं रोपवाटिकेच्या नंबरावरून बाहेर जाणारं सगळं बंद केलं. इतके एकसारखे मेसेज म्हणजे आम्ही कोणीतरी भामटे आहोत असं त्यांच्या यंत्राला वाटलं. यंत्राचं यंत्राबद्दलचं मत सहसा बरोबर असतं. आत येणारे फोन चालू होते, बाहेर काही जात नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून टोमॅटोचं रोप न्यायला या, असे मेसेज जायचे होते.

कोट घातलेल्या गृहस्थांना माझ्या फोनवरून लावला. ते म्हणाले, तक्रार वर पाठवली आहे. वर म्हणजे कुठे, हे त्यांनाही नक्की माहीत नसावं.

मग मी माझ्याच फोनवरून गिऱ्हाइकांना लावायला सुरुवात केली. अनोळखी नंबर हल्ली कोणी उचलत नाही. उचलला तरी ‘ओटीपी देणार नाय’ म्हणून ठेवून देतात. शेडमध्ये ट्रे हिरवेगार उभे होते आणि मला ते पाहवत नव्हते. नवरा दर तासाला जाऊन पानं उलटून बघत होता, जणू बघितल्यानं ती वाढायची थांबणार होती.

वाचवलं ते त्या शुभेच्छांनीच. संध्याकाळपासून बंद नंबरावर लोकांचे फोन यायला लागले. सटाण्याकडचे एक आजोबा म्हणाले, “ताई, आज मना वाढदिवस शे म्हणे. माले कोनी सांगंच नही.” दिंडोरीच्या एकानं विचारलं, केक आम्ही आणू का तुम्ही? एका बाईंनी खडसावलं, “नवऱ्याला पाठवला, मला का नाय पाठवला? पैशे तर मीच देते ना?” मी सगळ्यांची माफी मागत होते आणि त्याच दमात सांगत होते, रोप तयार आहे, उद्या-परवा घेऊन जा. ट्रे हलू लागले.

शेवटी शेडच्या एका कडेचे ट्रे तेवढे उरले. सगळ्यात मोठी नोंदणी. निफाडजवळच्या एका शेतकऱ्याच्या नावावरची.

ते चैत्रात वारले होते. दहाव्याला नवरा जाऊन आला होता. मेमध्ये त्यांच्या मुलानं येऊन नोंदणी केली, पण खातं वडिलांचंच राहिलं. आमच्याकडे असंच असतं, माणूस जातो, खातं चालू राहतं. नंबरही त्यांचाच. मी कॉम्प्युटरवर गेलेल्या मेसेजची यादी उघडली आणि त्यात त्यांचं नाव सापडेपर्यंत देवाचं नाव घेत होते. सापडलं. प्रिय ग्राहक, आपणांस दीर्घायुष्य लाभो.

मी त्या नंबरावर फोन केला. वाजत राहिला. परत केला. दुसऱ्या दिवशीही तेच.

“रागावलेत,” मी म्हटलं.

“रागावतील नाहीतर काय करतील?” नवरा म्हणाला. “जोडलेलं घर आहे. त्यांचे वडील माझ्या वडलांकडनं रोप न्यायचे.”

रोप तोवर बोटभर लांबलं होतं. ती जात त्या दिवसांत दुसऱ्या कोणाला नको होती. नवऱ्यानं ट्रे पिकअपमध्ये चढवले.

“आणि नाही घेतले तर?”

“तर परत आणू. पण मेसेज पाठवून मोकळं झालो असं नको.”

निफाडपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. दिलगिरी, तांत्रिक बिघाड, गैरसमज. सगळी वाक्यं त्या कोटवाल्यासारखीच ऐकू येत होती. पोचेपर्यंत मी ती सगळी टाकून दिली.

अंगणात त्या शेतकऱ्याची बायको लसूण सोलत बसली होती. आत भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो, खालच्या फळीवर त्यांचा फोन, चार्जिंगला लावलेला.

“या,” त्या म्हणाल्या. “फोन तुमीच करत व्हते का? म्या उचलूच देत नाय कोनाला. ज्याला त्याला यांच्याशीच बोलायचं आसतं. परत परत कितीदा सांगायचं?”

मी म्हटलं, “काकू, तो मेसेज...”

“नातीनं वाचला. दीर्घायुष्य लाभो म्हणे.” लसणाची पाकळी त्यांनी ताटात टाकली. “जरा आधी पाठवायचा व्हता, ताई.”

मी खाली बसले आणि लसूण सोलायला घेतला. त्यांनी माझ्यापुढे ताट थोडं सरकवलं.

तेवढ्यात मुलगा शेतातून आला. पिकअपमधले ट्रे बघून त्याचा चेहरा उजळला. “आणले का? दोन दिवस झाले वावरात मल्चिंगचा कागद हातरून बसलोय.”

“अरे, मग आला का नाहीस?” नवऱ्याचा आवाज चढला. तीन दिवसांचा घोर त्या आवाजात होता.

“मेसेज आला की यायचं, आसं तुमीच म्हणले व्हते ना, दादा? मी रोज आप्पांचा फोन बघतो. वाढदिवसाचा आला. रोपाचा नाय आला.”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लसणाकडे पाहिलं.

काकू उठल्या, हात पदराला पुसले आणि पिकअपजवळ गेल्या. एका ट्रेमधलं रोप त्यांनी अलगद उपटलं, मुळं उन्हात धरून पाहिली, खोड दोन बोटांत दाबलं.

“लांबलंय जरा.”

“आमच्यामुळे,” नवरा म्हणाला.

त्यांनी रोप परत त्याच्या खाचेत बसवलं आणि अंगठ्यानं माती दाबली. “लागंल,” म्हणाल्या, आणि मुलाला ठिबक सोडायला पाठवलं.