लेकीच्या गाडीत हाफ तिकीट

वाशीम–शिरपूर गाडीवर निकिता कंडक्टर असली, की दारात कुणी उभं राहत नाही. ती ओरडते म्हणून नव्हे, नाव घेऊन सांगते म्हणून.

“हरीओमभाऊ, आत सीटा रिकाम्या हायेत. डेपोनं तुमाले दाराची कडी म्हणून बसवलं काय?”

गाडी हसते, हरीओमभाऊही हसतात आणि आत सरकतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत निकिताने कुणाशी भांडण केल्याचं कुणाला आठवत नाही आणि कुणाला फुकट नेल्याचंही नाही. तिचं सासर वाशीमचं, नवरा डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक, माहेर शिरपूरचं. “मी दिवसातून दोनदा माहेरी जातो अन् दोनदा नांदाले येतो,” असं ती बायकांना सांगते.

तिचे वडील उकंडराव इंगोले. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं, मग आईने ओवाळून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं. टाकून दिलेल्या लेकराकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी जुन्या माणसांची समजूत. उकंडराव ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगत. “यम आला, पाह्यलं, म्हणे हा तं कचरा हाये, अन् पुढं गेला.”

लेकीच्या गाडीत ते तिकीट काढूनच बसत. घरच्या माणसाला पास निघतो, हे तिने कितीदा सांगितलं असेल. “पासवाल्याले कंडक्टर खिडकी देत नाई,” ते म्हणत. मग ज्येष्ठांचं हाफ तिकीट घेऊन खिडकीशी बसत आणि शेजारच्याला सांगत, “ते माही पोट्टी हाये बरं का. पण सूट नाई देत.”

शिरपूरच्या आसपास हळद मोठी. मार्चमध्ये ती निघाली, की उकंडराव आणि त्यांचा मुलगा पवन ट्रॅक्टरमागे हळद शिजवायचा कुकर जोडून वावरोवावरी फिरत. वाफेच्या लोटात उभं राहून, हळकुंडात काडी टोचून, “झाली, काढा!” असं उकंडराव ओरडत. तो आवाज निकिताला वारशाने मिळाला असावा. त्या दिवसांत निम्मं गाव पिवळं असतं. हात पिवळे, पाय पिवळे, बनियन पिवळं, चहाच्या कपाचा कानसुद्धा पिवळा.

म्हणून यंदा उकंडराव जरा जास्तच पिवळे दिसायला लागले, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. यंदा हळदीला रंग चांगला आला, एवढंच लोक म्हणाले. अंगाला खाज सुटली, ती भुकटीची. जेवण कमी झालं, ते उन्हामुळे. कस्तुराबाई, म्हणजे त्यांची बायको, बेसन आणि लिंबू घेऊन बसल्या आणि नवऱ्याची पाठ तव्यासारखी घासली.

“लग्नातबी एवढी हळद नवती लागली तुमाले.”

“लग्नातली दुसऱ्या दिवशी निघाली तरी व्हती.”

एप्रिल लागल्यावर उकंडराव कामासाठी वाशीमला निघाले. गाडी निकिताचीच. ऊन खिडकीतून थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं. निकिताने तिकीट त्यांच्या हातात दिलं, पण हात सोडला नाही.

“बाबा, वर पाहा.”

“काहून? छत गळून राह्यलं काय?”

“डोळे दाखवा म्हणतो ना मी.”

हळद कपड्यात जाते, नखात जाते, भाकरीतही उतरते. डोळ्यांत जात नाही. उकंडरावांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पार पिवळा झाला होता. निकिताने पुढच्या फेरीला दुसरा कंडक्टर मागून घेतला आणि स्टँडवरून वडिलांना थेट डॉक्टरकडे नेलं. तिथून सोनोग्राफी, तिथून अकोला.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृतातून पित्त घेऊन जाणारी एक नळी असते. तिच्यात गाठ झाली आहे, रस्ता बंद झाला आहे, आणि तुंबलेलं पित्त रक्तात उतरून माणूस पिवळा झाला आहे. दुर्बिणीतून आत जाऊन त्यांनी एक बारीक नळी बसवली आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा बहीण-भावाला त्यांनी बाजूला बोलावलं. पित्तनलिकेचा कॅन्सर होता.

“गाठ लहान आहे, खालच्या टोकाला आहे, पसरलेली दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “नागपूरला ऑपरेशन होऊ शकतं. सोपं नाही, मोठं आहे. पण आज होण्यासारखं आहे. दोन-तीन महिन्यांनी असेलच, असं मी सांगणार नाही.”

बाहेर आल्यावर पवनने निकिताचा हात धरला. “ताई, बाबाले नाई सांगायचं. नाव आयकूनच खचतीन ते. कावीळ हाये म्हणू.” घरी कस्तुराबाईंनीही तेच म्हटलं. निकिताने मान डोलावली. भरल्या गाडीत माणसाचं नाव घेऊन बोलणारी ती, या दुखण्याचं नाव घ्यायला काही तिची जीभ वळली नाही.

पुढे झालं असं, की नळीने काम चोख केलं. उकंडरावांची खाज थांबली. डोळे निवळले. भूक अशी परतली, की डॉक्टरांनी थोडं थोडं खा म्हटलेलं असताना ते गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची आठवण काढून कस्तुराबाईंच्या मागे लागले. लखीरामच्या चहाच्या टपरीवर त्यांनी जाहीर करून टाकलं, “कावीळ उतरली!”

नागपूरची तारीख आली, मे महिन्यातली. उकंडरावांनी ती ऐकलीच नाही.

“गाडी चालू झाली, अन् तुमी आता इंजिन खोलता?”

“बाबा, ते नळी काढाचं बारीकसं ऑपरेशन हाये,” पवन म्हणाला.

“मंग हळद लावून झाल्यावर काढू. नळी काय कोंबडी हाये, उडून जाईन?”

अंगणातल्या निंबाखाली बेण्याच्या हळदीचा ढीग होता, वरून हळदीच्याच वाळक्या पाल्याने झाकलेला. लागवडीआधी तो निवडायचा असतो: टणक, डोळे फुगलेले गड्डे एकीकडे, नरम पडलेले, सडके दुसरीकडे. हे काम उकंडराव दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, पवनच्या तर नाहीच. ढीग निवडायचा, मग लागवड, मग पहिलं पाणी. म्हणजे जून गेलाच. पवन रोज फोनवर बहिणीला सांगे, “ताई, आजबी नाई म्हणले.” तारीख जवळ आली. आणि निकिताच्या ध्यानात आलं, की बाबांना अडवून कुणी धरलं असेल, तर ते आपणच. बऱ्या झालेल्या माणसाने ऑपरेशन का करून घ्यावं?

तिने चार दिवसांची रजा टाकली आणि माहेरी आली. वाशीमपासून शिरपूरपर्यंत, कधी नव्हे ते प्रवासी होऊन बसली आणि कसं सांगायचं ते मनात घोळवत राहिली. एक उदाहरण तिला फार पसंत पडलं.

उकंडराव निंबाखालीच होते. ती शेजारी बसली, गड्डे उचलून देऊ लागली.

“बाबा, एक सांगू?”

“सांग. पण हात चालू ठेव.”

“हा गड्डा पाहा. एवढासा भाग सडेल हाये. तेवढा कापून काढला, तं बाकीचा चांगलाच हाये ना?”

उकंडरावांनी गड्डा घेतला, नखाने खरवडला आणि खांद्यावरून मागे भिरकावला. तो बकरीच्या पायापाशी जाऊन पडला.

“सडेल बेणं कापून कोण लावते व? सगळ्या वावरात रोग नेते ते. एस्टीत गेली अन् शेती इसरली!”

शिरपूरपर्यंत जपून आणलेलं उदाहरण बकरीने हुंगलं आणि तिनेही सोडून दिलं. निकिताला हसू आलं, आणि त्याच हसण्यात तिला धीर सापडला.

“बाबा, तुमाले कावीळ नवती. कॅन्सर हाये.”

“ताई!” ओसरीवरून पवन ओरडला. कस्तुराबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

उकंडरावांचा हात पहिल्यांदा थांबला.

“कुठं?”

तिने त्यांच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. “इथं, पित्ताच्या नळीत. आत नळी टाकली म्हणून पिवळेपण गेलं. गाठ तिथंच हाये. आता काढता येते. लागवडीपर्यंत थांबलो तं काढता येईन का, ते डॉक्टरबी सांगत नाई.”

“तुमाले कवापासून म्हाईत हाये?”

“अकोल्यापासून.”

त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मंग मी काय टपावरचं पोतं व्हतो? कुठं उतरवाचं ते तिघायनं ठरवलं, पोत्याले इचारलंच नाई.”

“तुमी खचसान म्हणून,” कस्तुराबाई दारातूनच म्हणाल्या.

“मी खचन? तू रोज देवापुढं रडून राह्यली, अन् मले म्हणे कांदा कापला. देव्हाऱ्यात कांदा कोण कापते, पवनची माय?”

हसावं की रडावं कुणाला कळेना. पवन आधी हसला आणि मग तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. कस्तुराबाईंनी चहा खाली ठेवला आणि नवऱ्याशेजारी मातीतच बसल्या.

उकंडराव पुन्हा ढिगाकडे वळले. एक गड्डा उचलून फिरवून पाहत राहिले.

“ऑपरेशन केलं तं बरा होतो?”

“खात्री कोणी देत नाई, बाबा. पण बरं व्हाचा रस्ता तोच हाये म्हणतात.”

“अन् नाई केलं तं...” ते थांबले. “ते नको सांगू. समजलं.” हातातला गड्डा त्यांनी चांगल्यांच्या ढिगावर ठेवला. “मायनं एकडाव उकिरड्यावरून उचलून आणलं मले. आता तू उचलाले आली काय?”

“तुमी लय जड हाये, बाबा. चालत या.”

तेव्हा ते हसले. पण अट घातलीच: ढीग निवडल्याशिवाय मी हलणार नाही, आणि निवडायचा तो माझ्या डोळ्यांसमोर.

मग ते खाटेवर बसले आणि घरातली तिघं ढिगाभोवती. सकाळपासून त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. “पव्या, तो नरम हाये, दाबून पाह्य! बायकोचा गाल नाई तो, जोरात दाब!” पवनचं लग्न अजून व्हायचं होतं, तो लाजून लाल झाला. कस्तुराबाई दहा गड्ड्यांत एक सडका शोधून काढत आणि नवऱ्याला दाखवून फेकत. इतकी वर्षं या बाईला बेणं कळतं हे उकंडरावांच्या लक्षात आलं नव्हतं. “तू आधी काहून नाई सांगतलं?” “तुमी पोत्याले इचारलं काय?” कस्तुराबाईंनी त्यांचंच वाक्य परत केलं.

टपरीवर जाऊन उकंडरावांनी स्वतःच दुखण्याचं नाव सांगितलं. लखीराम हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, असं चौघात नका सांगू.” त्यावर ते म्हणाले, “नाई सांगतलं तं लोक पुन्हा हळदच समजतीन ना बाप्पा!” कुणी झाडपाल्याच्या औषधाचं सुचवलं. त्याला त्यांनी कट चहा पाजला आणि विषय बदलला.

जायच्या आदल्या संध्याकाळी ढीग संपला. ओसरीवर दुसरं कुणी नाही असं पाहून त्यांनी निकिताला विचारलं, “दुखते काय व लय?”

“दुखन, बाबा. पण गुंगी देतात. अन् मी दारापाशीच राहीन.”

“आवाज येऊ देजो तुया आत. कोणावर तरी खेकसत राह्यजो.”

रजा संपल्यावर निकिताने मुद्दाम शिरपूरच्या मुक्कामी गाडीची ड्युटी मागून घेतली होती; आदल्या संध्याकाळी ती गाडी घेऊनच आली होती, सकाळी तीच वाशीमला न्यायची. वाशीमला तिकिटाचं मशीन जमा करायचं, तिथून तिची पुढची रजा सुरू, आणि मग पवन आणि बाबांबरोबर नागपूरची गाडी. शिरपूरच्या स्टँडवर कस्तुराबाई सोडायला आल्या होत्या. डबा त्यांनी तीनदा उघडून पाहिला. उकंडराव धुतलेलं धोतर आणि टोपी घालून खिडकीशी बसले. हात स्वच्छ होते. फक्त नखांच्या कडेला बेण्याची हळद राहिली होती.

निकिता मशीन घेऊन त्यांच्यापाशी आली.

“एक हाफ, वाशीम,” ते म्हणाले. “अन् येतानीचंबी देऊन टाक आताच.”

“येतानीचं आगाऊ नाई भेटत, बाबा. येतानीच काढा लागते.”

“असा नियम हाये?”

“हाये.”

त्यांनी थोडा विचार केला. “मंग परत या लागन,” असं म्हणून तिकिटाची घडी केली आणि टोपीच्या दुमडीत खोचली. “पण त्या दिवशी गाडीवर तूच राह्यजो. दुसऱ्याच्या हातचं तिकीट मले चालत नाई.”

शेजारी नव्याने बसलेल्या माणसाला त्यांनी कोपराने ढोसलं. “ते माही पोट्टी हाये बरं का. पण सूट नाई देत.”

निकिता मागे वळली. दारात कुणीतरी उभं होतं.

“हरीओमभाऊ, आत,” ती म्हणाली. हरीओमभाऊ लगेच आत सरकले, आणि तिने डबल बेल दिली.